कटाची आमटी, कटवडा, कटिंग : हा 'कट' नेमका कुठला?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. मी मूळचा कोल्हापूरचा, गेली १८ वर्षं पुण्यात. परवा ऑफिसातल्या पोरांबरोबर मिसळ खायला गेलो होतो आणि सवयीनं म्हणून गेलो, 'दादा, जरा कट आणा की'. वाढणाऱ्या पोरानं दोन मिनिटांत अर्धा ग्लास चहा आणून ठेवला. त्यानं कटिंग ऐकलं. पुण्यात मिसळीच्या रश्श्याला सँपल म्हणायचं असतं हे मला पाठ आहे, पण भूक लागली की तोंडातनं घरचाच शब्द येतो त्याला काय करणार.

मग टेबलावर तोच विषय. एकजण म्हणाला सर तुमचा कट पण इंग्रजीच असणार, कटिंग म्हणजे अर्धा चहा तसा कट म्हणजे अर्धी वाटी रस्सा. दुसरी म्हणाली नाही, वर जे लाल तेल तरंगतं ते पळीनं कापून घेतात म्हणून कट. मला दोन्ही पटेनात पण उलटं सांगायला माझ्याकडंही काही नव्हतं, आणि ते मला घरी येईस्तोवर लागून राहिलं. चाळीस वर्षं जो शब्द रोज खाल्ला तो कुठला आहे हे सांगता येऊ नये?

आमच्याकडं कट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बाहेर लोकांना वाटतं की कट म्हणजे नुसता तिखट रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजायचं, आलं लसूण, कांदा लसूण चटणी, सगळं वाटून भरपूर तेलात परतायचं आणि पाणी घालून पातळसर उकळायचं, की वर लालभडक थर येतो. ताटलीत मटकी, बटाटा, फरसाण, वरनं हा कट, आणि बाजूला लादी पाव नाही तर स्लाइस ब्रेड. वडा यात बुडवला की कटवडा. 'कट मार', 'वरचा कट घाल', 'कट संपला काय वं' अशी भाषा.

पण मग होळीला आई पुरण घालते तेव्हा डाळीचं पाणी निथळून घेते तोही कटच, आणि त्याची कटाची आमटी. ते पाणी तर फिकट पिवळं, सपक. तिखट नाही की तेल नाही. मग एकाच घरात एकाच शब्दाची ही दोन टोकं कशी? मला वाटतं खरं उत्तर आमटीत आहे, मिसळीत नाही. तुमच्याकडं कट कशाला म्हणतात, म्हणतच नसाल तर काय म्हणतात, लिहा. इंग्रजी कट हा उगम मला मान्य नाही हे आधीच सांगून ठेवतो :)

तर्रीपोहे

नागपूरवरून बोलतो. आमच्या इकडे कट हा शब्दच नाही बे, आमच्या इकडे तर्री. सकाळी पोह्यावर हरभऱ्याची तर्री टाकली नाही तर ते पोहे कोणी पोहे समजत नाही. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, तर्रीचा उगम सोपा आहे, फारसीत तर म्हणजे ओलं. तरबतर मधला तर तोच. तरी म्हणजे ओलावा, पातळपणा, आणि आपण र वर जोर देऊन तर्री केली. पंजाबी लोकं पण भाजीच्या रश्श्याला तरीच म्हणतात, माझा रूममेट अमृतसरचा होता, त्याला तर्री पोहे म्हणजे काय हे मला समजावूनच सांगा लागलं नाही.

पण आमच्या इकडे पण तुमच्यासारखंच आहे, कोणी वरच्या तेलाला तर्री म्हणते, कोणी अख्ख्या रश्श्याला. 'तर्री मारून दे' म्हणलं की पोहेवाला पळी वरच्यावर फिरवते, खाली जाऊ देत नाही.

ठाण्याची_मी

माझी मुलगी सहावीत असताना इतिहासाच्या धड्यात काकोरी कट होता, १९२५ चा. ती खरंच विचारात पडली होती, कारण आमच्याकडे त्याच आठवड्यात होळी झालेली आणि कटाची आमटी दोन दिवस पुरली होती. तिने विचारलं की आई, क्रांतिकारक आमटी का करत होते. मी तिला समजावलं की दोन शब्द वेगळे आहेत, आणि समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की मराठीत कट 'शिजतो' आपण! कट रचला म्हणतो तसं कट शिजला पण म्हणतो. आणि एखाद्याचं जमलं नाही की त्याची डाळ शिजली नाही. आता डाळ शिजल्याशिवाय कट निघत नाही हे प्रत्येक बाईला माहीत आहे, त्यामुळे मला हे सगळं एकाच चुलीवरचं वाटायला लागलंय. हे शास्त्र म्हणून सांगत नाहीये, पण भाषा वापरणाऱ्यांच्या डोक्यात हे जोडलं गेलं असणारच ना?

बाकी आमच्या ठाण्यात मिसळीबरोबर रस्साच म्हणतात. मामलेदार कचेरीजवळची मिसळ, तिखट कमी की जास्त ते आधी सांगायचं, कट वगैरे नाही.

वेळवणी

सातारची आहे मी, वय ६४. आमच्या माहेरी कट म्हणत नव्हते. डाळीचं ते पाणी म्हणजे येळवणी, आणि येळवणीची आमटी. काहीजण वेळवणी म्हणतात. भात किंवा डाळ शिजली की वरचं पाणी ओतून काढतात त्याला वेळणं म्हणतात, आमच्या तोंडी येळणं. जे येळून निघतं ते येळवणी. पूर्वी भात सुद्धा असाच येळून करायचे, कुकर आला आणि येळायची गरजच संपली, मग शब्दही गेला. माझ्या सुनेला हा शब्द माहीत नव्हता, तिला मी पातेल्यावर झाकण तिरकं धरून येळून दाखवलं तेव्हा कळलं. हात भाजायची भीती वाटते म्हणून ती चाळणीच घेते, घेऊ दे.

तर सांगायचं हे की तुमचा कट आणि आमची येळवणी एकच वस्तू. लग्न होऊन सांगलीकडे आले तेव्हा सासूबाई कट म्हणायच्या. दोन-तीन तासांच्या अंतरात शब्द बदलला. जसजसं दक्षिणेला जाल तसा कट वाढत जातो असं माझं निरीक्षण आहे.

पंचगंगाकाठ

वेळवणी ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. दक्षिणेला जाल तसा कट वाढतो, हे वाचून अंगावर काटा आला, कारण मलाही तोच संशय आहे. बेळगावकडचं कोणी आहे का इथं?

होळिगे_बेळगाव

आहे की. आणि मी वाटच बघत होतो कोण विचारतंय.

आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी निम्मी कानडी. पुरणपोळीला कानडीत होळिगे, आणि होळिगेबरोबर जी आमटी करतात तिला कट्टिन सारु. सारु म्हणजे सार किंवा आमटी, आणि कट्टिन म्हणजे कट्टुचं. शिजलेल्या डाळीवरचं काढलेलं पाणी म्हणजे कट्टु, बेळे कट्टु, बेळे म्हणजे डाळ. आता सांगा, कटाची आमटी आणि कट्टिन सारु यात फरक काय राहिला? शब्दाला शब्द ठेवल्यासारखं आहे. करायची पद्धतपण तीच, त्या पाण्यात मूठभर पुरण कालवायचं, चिंच, गूळ, खोबरं, मसाला, वरनं फोडणी. शेजारच्या अक्कांची आमटी आणि माझ्या आईची आमटी डोळे झाकून दिली तर मला ओळखता येणार न्हाई.

कटवडा आमच्याकडंपण आहे बरं का, कोल्हापूरचा एकट्याचा न्हाई.

अमीरपेठ

हैदराबादला दहा वर्षं आहे, त्यामुळे भर घालतो. तेलुगूत पण पप्पु कट्टु म्हणतात, पप्पु म्हणजे डाळ, तिचं वरचं पाणी, आणि त्याचं कट्टु चारु करतात. म्हणजे हा शब्द नुसता बेळगावच्या सीमेवरचा नाही, पुढे पार आंध्रापर्यंत आहे. इतक्या लांब डाळीच्या पाण्याला तोच शब्द असेल तर तो आपल्याकडे तिकडून आला हे मला सरळ दिसतं. आपण ज्या कट्ट्यावर बसून गप्पा मारतो तोही कानडी कट्टेच.

रसना_नाशिक

थांबा थांबा, एवढ्यात निकाल लावू नका. संस्कृतात कटु म्हणजे तिखट! कडू नाही. आयुर्वेदात सहा रस सांगितलेत त्यातला कटु रस म्हणजे मिरी-सुंठीचा झणझणीतपणा, आणि कडूला तिक्त म्हणतात. त्रिकटु चूर्ण म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, तिन्ही तिखट. मग झणझणीत रश्श्याला कटु वरून कट म्हणणं किती नैसर्गिक आहे. उगाच प्रत्येक गोष्ट बाहेरून आली असं का मानायचं?

आमच्या नाशकात मात्र रस्साच म्हणतात, काळ्या मसाल्याचा. आणि पुरणपोळीबरोबर सार. माझं आजोळ खानदेशात, तिथे रशी. खापरावरच्या पुरणपोळीबरोबर रशी आणि आमरस, यापुढे सगळं फिकं.

शब्दपेटी

रसनाताई, कटुचा अर्थ तुम्ही अगदी बरोबर सांगितलात, आणि तो मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो म्हणून बरं झालं लिहिलंत. पण कट त्यातून आला असं मला वाटत नाही, कारण सांगतो, थोडं लांबेल.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ट प्राकृतातून मराठीत येताना सहसा ड होतो. घट चा घडा, वट चा वड. आणि खुद्द कटु चा कडू झाला, म्हणजे तो शब्द मराठीत आधीच आलेला आहे, फक्त वाटेत तिखटाचा कडू झाला. जर रश्श्याचा शब्द त्याच जुन्या वाटेने आला असता तर आपण आज 'वरचा कड घाल' म्हणत असतो. ट जिथे ट म्हणूनच टिकतो तिथे दोन शक्यता असतात, एक तर शब्द नंतर उसना आला, नाही तर मुळात जोड ट होता, जसा हट्ट म्हणजे बाजार, त्याचा हाट झाला, हाड नाही झाला. आता कट्टु बघा. जोड ट तिथे उघडच आहे.

कोणी काढा, कढ, कढी या कुटुंबाशी जोडायला जाईल, कारण तेही उकळण्याचेच शब्द. ते क्वथ् या धातूपासूनचे, थ चा ढ झालेले. ढ चा परत ट होणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा अर्थाचा, आणि तो मला ध्वनीपेक्षा जड वाटतो. डाळीचा कट फोडणीआधी सपक असतो. तिखटावरून नाव पडलं असतं तर ते या सपक पाण्याला कसं चिकटलं असतं?

तर्रीपोहे

वा शब्दपेटी भाऊ. हे हाट-हाड वालं समजलं एकदम.

पंचगंगाकाठ

शब्दपेटींनी जे शेवटी लिहिलंय तोच माझा मुद्दा, फक्त मला तो असा मांडता येत नव्हता. त्यात मिरचीची भर घालतो. मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटपणा मिरी, सुंठ, पिंपळीचा. म्हणजे लालभडक कट कितीही ओढला तरी त्याच्या मागं जाऊ शकत नाही. पण डाळ शिजवून पाणी निथळून काढणं त्याला मिरची लागत नाही, ते कितीही जुनं असू शकतं. म्हणून माझं म्हणणं, आधी कट म्हणजे निथळलेलं पाणी, डाळीचं, कडधान्याचं. मग त्या पाण्यात मसाला घालून केलेला रस्सा तोही कट. मटकी उकडली की तिचंही पाणी निघतंच, ते रश्श्यातच जातं. आणि सगळ्यात शेवटी, त्या रश्श्यावर जे लाल तेल चढलं, तोच कट म्हणून लोक मागायला लागले.

आणि तेल वर का येतं लाल का होतं ते तर सगळ्यांना दिसतंच, तेल पाण्याहून हलकं, आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. ब्याडगी घातली तर रंग जास्त तिखट कमी, संकेश्वरी घातली तर उलट डोळ्यातनं पाणी. ब्याडगी आणि संकेश्वर दोन्ही गावं कर्नाटकातली, हेही बघा. रंग तिकडनं, ठसका तिकडनं, शब्दही तिकडनं. मला यात कमीपणा अजिबात वाटत नाही, उलट छान वाटतं.

आता नागपूरच्या दादांच्या तर्रीशी ताडून बघा. तर म्हणजे ओलं, पातळ, आणि तीही आता वरच्या तेलाला चिकटली. कटही पाण्याचा तेलावर गेला. एक शब्द फारसीतनं आला एक कानडीतनं, आणि दोघंही पळीच्या वरच्या थरात येऊन बसले. कारण माणूस गाड्यावर उभा राहून मागतो तेव्हा त्याला तळाचं नको असतं, वरचं पाहिजे असतं.

सदाशिव_पेठी

पुण्याची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून. सँपल हा शब्द इंग्रजी सॅम्पलच आहे, नमुना. मिसळीबरोबर वाटीत चवीपुरता रस्सा द्यायचा तो नमुना, आणि मग तीच वाटी हक्काची झाली. माझे वडील श्यांपल म्हणायचे आणि अजूनही जुनी माणसं तसंच म्हणतात, पाटीवर मात्र सँपल. आता तर सँपलवेगळं एक्स्ट्रा सँपल पण असतं. नमुन्याचा जादा नमुना. तर इंग्रजी शब्द मिसळीत आहेच, फक्त तो तुमच्या कटात नाही, आमच्या वाटीत आहे.

कटिंगबद्दल, ते नक्की इंग्रजी आणि मुंबईचं. पूर्ण चहा परवडत नाही किंवा नको असतो म्हणून एकाचे दोन. केस कापायचं कटिंग, गाडीने कट मारला, फोन कट झाला, हे सगळे तिकडचे. म्हणून त्या वाढणाऱ्या मुलाची चूक नाही, त्याच्या कानात रोज तोच कट पडतो.

पंचगंगाकाठ

अहो त्याला मी काहीच बोललो नाही. चहा पण पिऊन टाकला.

म्हापसा_मार्केट

गोंयातून देव बरें करूं. आमच्याकडे कट नाही, पण रोस आहे. रोस म्हणजे रस, रस्सा. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट मिळतं, ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे मसाल्यातल्या चिकनचा रोस ओतून, वर कांदा, बरोबर पाव. शागुतीचं चिकन त्यात नसतं किंवा एखादा तुकडा येतो, लोक खातात तो रोसासाठी. आणि संपला की 'मात्सो (थोडा) रोस घाल रे' म्हणून वाटी पुढे. तुमची 'कट आणा की' आणि आमची ही हाक एकच.

बंगळुरूत_सोलापूरकर

उशिरा वाचला धागा, पण एक गोष्ट राहिली आहे म्हणून लिहितोच. वेळवणी ताईंनी येळण्यावरून येळवणी सांगितलं ना, अगदी तसंच कानडीत आहे. बसि म्हणजे निथळून काढणं, ओतून काढणं. म्हैसूर भागात डाळ आणि पालेभाजी एकत्र शिजवून ते पाणी निथळून काढतात, त्याची आमटी करतात, तिला बस्सारु म्हणतात, निथळून काढलेलं सारु, आणि उरलेल्या डाळ-भाजीची कोरडी पल्या, म्हणजे सुकी भाजी. नाचणीच्या मुद्देबरोबर, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्याबरोबर खातात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला होळीच्या दिवशीची आमटी आठवून घरची इतकी आठवण आली की मी दुसऱ्यांदा वाटी घेतली.

म्हणजे साताऱ्यात क्रियेवरून नाव, म्हैसुरात क्रियेवरून नाव, आणि मधल्या पट्ट्यात, कोल्हापूर बेळगाव धारवाड, वस्तूवरून नाव, कट किंवा कट्टु. आमच्या सोलापुरात तर दोन्ही ऐकू येतात, आमच्या घरी येळवणी, शेजारी कट.

वेळवणी

सोलापूरकर, बस्सारु माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे पाणी फेकायचं नाही हे सगळ्यांनाच कळलं होतं. आमच्याकडे सणाला डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवायचे, येळवणी भरपूर निघावी म्हणून, कारण पोळ्या संपल्या तरी आमटी दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर लागायची आणि ती शिळी जास्त चांगली लागते.

होळिगे_बेळगाव

आज सकाळी शेजारच्या अक्कांना मुद्दाम विचारून आलो. त्यांचं वय ऐंशीच्या वर आहे, मराठीपण छान बोलतात. मी विचारलं, अक्का, कट्टु म्हणजे काय. त्या म्हणाल्या डाळीवरचं पाणी, आणखी काय. मग विचारलं, मिसळीतला कट? तर म्हणाल्या, ते हॉटेलातलं, त्याला आम्ही कट्टु म्हणत न्हाई, त्याला तुम्ही मराठी लोक कट म्हणता म्हणून आम्हीपण कट म्हणतो. म्हणजे बघा, कट्टु तिकडून मराठीत गेला, कोल्हापुरात त्याला मिरची लागली, आणि लाल होऊन कट म्हणून परत कानडी घरात आला. अक्कांच्या तोंडी आता दोन्ही शब्द आहेत, पिवळ्याला कट्टु आणि लालला कट.

पंचगंगाकाठ

होळिगे दादा, यासाठीच धागा काढला होता. अक्कांना माझा नमस्कार सांगा.

मीपण काल आईला फोन केला. तिला विचारलं की मटकी उकडून जे पाणी निघतं त्याला तू काय म्हणतेस. ती म्हणाली, 'कट. दुसरं काय म्हणणार. निथळतंय ते कट.' मग म्हणाली, हे विचारायला फोन केलास व्हय, रविवारी ये, पुरण घालते.

ठाण्याची_मी

आईंना विचारून प्रमाण टाका इथे, डाळीला पाणी किती आणि कटात पुरण किती कालवायचं ते. माझी आमटी दरवेळी दाट होते.

वेळवणी

ताई, एक वाटी डाळीला पाच वाट्या पाणी, आणि पुरण गुळाआधीचं, म्हणजे नुसती शिजलेली डाळ घोटून दोन डाव. गूळ वेगळा घाला, अंदाज चुकत नाही. दाट झालीच तर उकळतं पाणी घाला, गार नको, तवंग मोडतो.